गर्दीची भूमिका

भाईंदर पश्चिमेला स्थानकाबाहेर उत्तनची बस मिळते. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक येतात, मधूनमधून मिठागरं दिसत राहतात, डोंगरी मागे पडते आणि वाऱ्याला सुक्या मासळीचा वास येऊ लागतो. गुड फ्रायडेच्या सकाळी या बसमध्ये गडबड नसते. बायका फिक्या रंगांच्या साड्यांत, पुरुष साध्या सदऱ्यात, मुलांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. उत्तनच्या किनाऱ्यावर होड्या ओळीने ओढून ठेवलेल्या असतात. बोंबील वाळवायच्या वलांड्यांपाशी एरवी जी लगबग असते, तिचा मागमूस नसतो. सगळं गाव रस्त्यावर उतरलेलं असतं, पण आवाज मात्र ध्वनिक्षेपक जोडणाऱ्या दोघातिघांचाच.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘प्रेक्षक’ हा विषय दिला, तेव्हा डोळ्यांपुढे आधी नाट्यगृहंच आली. मग वाटलं, ज्या नाटकात प्रेक्षकाला खुर्चीच नाही तिथे जाऊन बघावं. अशा प्रयोगांना हल्ली ‘इमर्सिव्ह’ म्हणतात. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यातली रेघ पुसायची, नाटक घरभर किंवा गावभर पसरवायचं आणि प्रेक्षकाला त्यातून चालू द्यायचं. न्यूयॉर्क, लंडन, शांघाय इथे त्यासाठी जुन्या इमारतींचे मजलेच्या मजले सजवले गेले. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, उत्तन, पाली, चौक, डोंगरी या कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत, एका अतिप्राचीन शोककथेतून माणसं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. तिचं नाव क्रुसाची वाट.

चालणाऱ्यांच्या लेखी ही प्रार्थना आहे. मी तिच्याकडे नाटकाच्या बाजूने पाहिलं. तिच्यात जे नाट्य आहे ते प्रार्थनेतूनच येतं, हे मला पाहता पाहता पटत गेलं.

भिंतीवरून खाली उतरलेली चित्रं

कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये गेलात तर दोन्ही भिंतींवर मिळून चौदा चित्रं किंवा कोरीव फलक दिसतात. रोमी सुभेदार पिलाताच्या निवाड्यापासून सुरुवात, येशूच्या कबरीपाशी शेवट. यरुशलेमला जाणारे यात्रेकरू येशूच्या अखेरच्या वाटेवरून चालत. ज्यांना तिथवर जाणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी फ्रान्सिस्कन साधूंनी ती वाट गावोगावी नेली, आणि १७३१ साली पोप बाराव्या क्लेमेंट यांनी स्थानांची संख्या चौदावर पक्की केली. प्रायश्चित्त काळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, शुक्रवारी भाविक एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापाशी जातात आणि दर ठिकाणी गुडघा टेकून प्रार्थना म्हणतात. गुड फ्रायडेला हीच चित्रं भिंतीवरून उतरतात. गावातली मुलं येशू, मरिया, पिलात, शिपाई होतात आणि चर्चपासून टेकडीपर्यंतचा किंवा किनाऱ्यापर्यंतचा रस्ता यरुशलेम होतो. ‘जिवंत क्रुसाची वाट’ म्हणतात ती हीच.

या किनाऱ्यावर ही कथा मराठीत रुळून साडेतीनशे वर्षं होऊन गेली. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, ते मराठी वाचकाला ठाऊक असतं. त्या मानाने फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश यांचं पुराण कमी माहीत आहे. ते १६५९ साली लिस्बनला छापलं गेलं. त्याचा विषय येशूचं दुःखसहन आणि मरण, आणि भाषा या उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीजवळची. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापावं लागलं, कारण प्रायश्चित्त काळात ते घरोघर वाचलं आणि गायलं जाई. तेव्हा उत्तनच्या रस्त्यावर आज जे घडतं त्याच्यामागे ऐकण्याची मोठी सवय आहे. कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुढे काय होणार ही उत्सुकता इथे कुणालाच नसते. अथेन्सच्या प्रेक्षकालाही ती नव्हती. ईडिपसने बापाला मारलं हे सोफोक्लिसच्या प्रेक्षकाला घरून निघतानाच माहीत असे.

वाट चालते कशी

तयारी प्रायश्चित्त काळाच्या सुरुवातीलाच सुरू होते. येशूचं काम करणारा मुलगा दाढी वाढवतो. कामावरून आलेली मुलं रात्री चर्चच्या आवारात जमतात. रोमी शिपायांची चिलखतं-शिरस्त्राणं भाड्याने येतात किंवा पुठ्ठा आणि सोनेरी कागद लावून घरीच होतात. संवाद बहुतेक ठिकाणी आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. उघड्या रस्त्यावर, वाऱ्यात, एवढ्या लोकांपर्यंत नुसता गळा पोचत नाही. टेम्पोवर ध्वनिक्षेपक, त्याच्या मागे नट, नटांभोवती दोर धरलेले स्वयंसेवक आणि त्या दोराबाहेर गाव. निवेदक पुस्तकातून प्रार्थना सांगतो, लोक साथ देतात, गाणं सुरू होतं आणि पुढल्या स्थानाकडे सगळे चालू लागतात.

फटके मारण्यासाठी सुताचे मऊ दोर असतात. ते लाल रंगात बुडवलेले असल्यामुळे दर फटक्यासरशी पाठीवर वळ उमटतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पहिला आवाज झाला की पुढच्या रांगेतल्या बायका तोंड फिरवतात. क्रूस जड ठेवायचा की पोकळ करायचा यावर मुलांमध्ये दर वेळी वाद होतो, आणि जडाच्या बाजूचे जास्त असतात. त्यांचं म्हणणं असं की, हलका क्रूस घेतला तर पडणं अभिनय होतं, जड घेतला तर पडायला अभिनय लागत नाही.

येशू तीनदा पडतो: तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानाला. मी या तीन ठिकाणी नटाऐवजी लोकांकडे बघत उभा राहिलो. पहिल्यांदा तो पडला तेव्हा मागच्या बाजूला काही पोरं हसली, कुणीतरी मोबाइल उंच धरला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा दोराला लागून उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंचा हात आपोआप पुढे गेला. घरात मूल धडपडलं की जातो तसा. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा हसणाऱ्या पोरांपैकी एकाने मोबाइल खिशात टाकला होता आणि तो पुढे घुसून नीट दिसेल अशी जागा शोधत होता.

नाट्यगृहात असाच क्षण आला तर माणूस खुर्चीचा हात घट्ट पकडतो. इथे पकडायला काही नसतं, म्हणून हात माणसाकडे जातो. खुर्ची काढून घेतल्याने काय बदलतं हे मला तिथे कळलं.

प्रेक्षकाच्या शरीराला इथे सतत काहीतरी करावं लागतं. चालायचं, थांबायचं, तापत चाललेल्या डांबरावर गुडघा टेकायचा, उठायचं, पुन्हा चालायचं. असं चौदा वेळा. साठी-सत्तरीतल्या बाया शेजारच्या कुणाच्याही खांद्यावर हात ठेवून उठतात, त्यासाठी ओळख लागत नाही. आठव्या स्थानाला यरुशलेमच्या बाया रडत येतात. ते काम करणाऱ्या मुली पुढे आल्या तेव्हा त्यांच्या मागून प्रेक्षकांतल्या दोघी-तिघी दोराच्या आत कधी गेल्या ते स्वयंसेवकांनाही समजलं नाही. कुणी त्यांना बाहेर काढलं नाही.

सगळ्यात जड गेलं ते चौथं स्थान. आई आणि मुलगा समोरासमोर येतात. संवाद जवळजवळ नाहीच. या वस्तीत बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी समुद्रावर जातं. वादळाच्या बातमीनंतर किनाऱ्यावर उभं राहणं म्हणजे काय, हे इथल्या बाईला निराळं सांगावं लागत नाही. एक मावशी मला नंतर सांगत होत्या की, मरियेचं काम करणारी पोरगी त्यांच्या आळीतलीच, रोज दिसणारी. पण त्या घटकेला ती पोरगी त्यांना दिसलीच नाही. मग कोण दिसलं, हे मी विचारलं नाही.

भरतमुनींची मापं

प्रेक्षकांच्या प्रतिसादाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी, म्हणजे यश, कशावरून ओळखायचं याची चर्चा आहे. तिथे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धी आवाजातून आणि शरीरातून दिसते: स्मित, मोठं हसू, वाहवा, हळहळ, अंगावर काटा, जागेवरून उठणं, खूश होऊन अंगावरचं वस्त्र किंवा अंगठी नटाला देणं. दैवी सिद्धी याहून वरची. प्रेक्षागृह भरलेलं आहे, आणि तरीही आवाज नाही, चुळबुळ नाही, विघ्न नाही. त्याच अध्यायात चांगला प्रेक्षक कोण तेही येतं. पात्राच्या आनंदाने जो आनंदतो आणि शोकाने शोक करतो, तो.

संस्कृत नाटकाने शोकान्त शेवट सहसा टाळला. भासाच्या ‘ऊरुभंग’मध्ये दुर्योधन रंगमंचावर प्राण सोडतो, तो मोठा अपवाद. पण शोक कसा पाहावा याची जाण मात्र या परंपरेत पक्की होती. उत्तनला बाराव्या स्थानापाशी मला भरताची दोन्ही मापं एकाच वेळी दिसली. क्रूस उभा राहत असताना हुंदके, पुटपुटणं, लेकरांचं रडणं असं सगळं चालू होतं. मरणाच्या क्षणी निवेदक थांबला. सगळे गुडघ्यांवर आले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. एवढा समुदाय उघड्यावर होता आणि किनाऱ्याकडचा वारा तेवढा ऐकू येत होता. शेवटी टाळ्या नाहीत. नटांनी येऊन नमस्कार करायचा नसतो. इथे टाळी वाजवावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

तिसरी घंटा झाल्यावर

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, दहिसर चेकनाक्याजवळ, भारतरत्न लता मंगेशकर नाट्यगृह आहे. मीरा-भाईंदरच्या नाटकवेड्यांना फार काळ बोरिवली किंवा ठाणे गाठावं लागे. आता घराजवळ पडदा उघडतो, याचं अप्रूप अजून आहे. तिसरी घंटा होते, मोबाइल बंद ठेवण्याची सूचना होते, अंधार होतो. अंधारातला मराठी प्रेक्षक मुका असतो असं मात्र नाही. तो चुकचुकतो, वाक्याला दाद देतो, टाळी देतो.

शोकान्ताशी त्याचं नातं जुनं आहे. आगरकरांचा ‘विकारविलसित’, म्हणजे हॅम्लेट, आणि देवलांचा ‘झुंजारराव’, म्हणजे ऑथेल्लो, एकोणिसाव्या शतकातच इथे रुजले. राम गणेश गडकरी गेल्यावर, १९१९ सालीच, ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं आणि सिंधूच्या दुःखाने महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या रडवलं. २३ डिसेंबर १९७० रोजी बिर्ला मातोश्री सभागृहात ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. डॉ. श्रीराम लागूंच्या बेलवलकरांत लियर राजाची सावली होती, पण प्रेक्षकाला त्यात आपल्या घरातला म्हातारा दिसला. आपल्या आई-बापांना आपण कसं वागवतो, हा प्रश्न घेऊन माणसं घरी गेली.

खुर्चीची चौकट मोडण्याचे प्रयत्नही आपल्याकडे झाले. १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने जी चळवळ चालवली तिच्यात नट आणि प्रेक्षक यांच्यात हाताचं अंतर राही. बादल सरकारांच्या ‘जुलूस’ला तर रंगमंचच नको होता. मला छबिलदासचं मोल फार वाटतं. तरी तिथला प्रेक्षक निवडक होता, नाटक बघायचं ठरवून आलेला होता. उत्तनच्या वाटेवर तान्ह्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे असतात, आणि प्रेक्षक व्हायचं असं त्यांतल्या कुणीच ठरवलेलं नसतं.

मुखवट्याआड आणि मुखवट्याविना

जगभर गाजलेला इमर्सिव्ह प्रयोग म्हणजे ‘स्लीप नो मोअर’. ‘पंचड्रंक’ या ब्रिटिश मंडळीने मॅकबेथची कथा घेतली, शब्द जवळपास काढून टाकले आणि ती नाचातून, हालचालीतून मांडली. न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या गोदामांना जुन्या हॉटेलचं रूप देऊन २०११च्या मार्चमध्ये तो सुरू झाला आणि २०२५च्या जानेवारीत बंद झाला. तिथे दारातच प्रेक्षकाला पांढरा मुखवटा मिळे. बोलायचं नाही, मुखवटा काढायचा नाही, बाकी कुठेही जा. कपाटं उघडा, पत्रं वाचा, हव्या त्या पात्राच्या मागे जिने चढा-उतरा. कधी एखादा नट एकाच प्रेक्षकाचा हात धरून त्याला बंद खोलीत नेई आणि फक्त त्याच्यासाठी एक प्रसंग करी.

त्याबद्दल प्रेक्षकांनी जे लिहून ठेवलंय त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. मुखवटा चढला की धीर येतो. जो माणूस परक्याच्या घरात डोकावणार नाही तो तिथे मॅकबेथच्या शयनगृहात जाऊन उभा राहतो. आपल्याला कुणी ओळखत नाही, म्हणून आपण सगळं पाहू शकतो. खून होतो, आपण पाहतो, थांबवत मात्र नाही. नाटकाची योजनाच तशी आहे, आणि मला ती फार धारदार वाटते.

उत्तनला याच्या अगदी उलट परिस्थिती आहे. मुखवटा कुणालाच नाही. फटके मारणारा शिपाई एरवी बंदरावर बर्फ उतरवतो, पिलात कुणाचा तरी भाचा, येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका यंदा दहावीला. आपण रडलो ते शेजारणीने पाहिलेलं असतं. गुडघा टेकायचा आळस केला तर तेही दिसतं. परक्यांत मिळणारी मोकळीक इथे नाही. तिच्या जागी उत्तरदायित्व आहे. म्हणून इथला प्रेक्षक डोकावत नाही, सोबत करतो. दोन्ही पद्धतींनी माणूस शोककथेच्या आत जातो. मला विचाराल तर मी दुसऱ्या वाटेने जाईन, कारण परतताना ज्यांच्याबरोबर आपण ती पाहिली ते आपल्याच बसमध्ये असतात.

गर्दीचे शब्द

चर्चमधल्या उपासनेत एक गोष्ट घडते, तिच्याकडे नाटकवाल्यांचं लक्ष जायला हवं. गुड फ्रायडेआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आणि पुन्हा गुड फ्रायडेला दुःखसहनाची कथा शुभवर्तमानातून वाचली जाते, आणि बऱ्याच ठिकाणी ती भूमिका वाटून घेऊन वाचतात. येशूचे शब्द धर्मगुरू वाचतात, निवेदन दुसरा, पिलात-पेत्र यांचे शब्द तिसरा. जमावाचे शब्द जमलेल्या लोकांनी म्हणायचे असतात. पिलात विचारतो, याचं काय करू? आणि चर्चमधली सगळी माणसं, अगदी लहान मुलंसुद्धा, त्याला क्रुसावर चढवायला सांगतात. त्याच लोकांनी झावळ्यांच्या रविवारी हातात झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलेलं असतं.

प्रेक्षकाला सहभागी करून घ्यायचं म्हटलं की बहुतेक नाटकं त्याला साक्षीदाराची, मित्राची, फार तर पाहुण्याची भूमिका देतात. इथे त्याला गुन्हेगाराची मिळते. एक शाळकरी मुलगी मला म्हणाली की तिला ते वाक्य म्हणवत नाही, म्हणून ती नुसते ओठ हलवते. तिच्या आईचं मत निराळं होतं. म्हणायलाच पाहिजे, त्याशिवाय ते दुसऱ्याच कुणीतरी केलं असं वाटत राहतं.

त्या आईच्या म्हणण्याला युरोपचा फार वाईट इतिहास साक्षी आहे. मध्ययुगात गावोगावी दुःखसहनाची नाटकं होत आणि त्यांत जमावाची भूमिका ठरावीक वेषातल्या ज्यूंवर टाकलेली असे. प्रेक्षक रडत, संतापत, आणि तो संताप कधी कधी शेजारच्या ज्यू वस्तीवर उतरे. जर्मनीतल्या ओबरामरगाउ गावाने १६३३च्या प्लेगमध्ये नवस केला आणि १६३४पासून तिथे हे नाटक होत आलं, पुढे दर दहा वर्षांनी. निम्मं गाव त्यात काम करतं, आधीच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून, म्हणजे प्रायश्चित्त काळाच्या पहिल्या दिवसापासून, माणसं केस-दाढी वाढवतात. त्याच नाटकाचं १९३४ साली हिटलरने कौतुक केलं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली येशूच्या मरणाचा दोष साऱ्या ज्यू लोकांवर ठेवता येणार नाही असं स्पष्ट केलं, आणि नंतरच्या दशकांत ओबरामरगाउची संहिता टप्प्याटप्प्याने बदलली गेली. १९९०पासून दिग्दर्शक क्रिस्टियान स्ट्युकल यांनी येशू स्वतः ज्यू होता हे ठळकपणे मांडलं. कोविडमुळे २०२०चा प्रयोग २०२२ला झाला.

म्हणजे शोककथेत प्रेक्षकाला आत घेणं ही निव्वळ गंमत नव्हे. तो आत आल्यावर कुणाच्या बाजूला उभा राहतो, हे फार महत्त्वाचं. समोरच्या रंगवलेल्या जमावाकडे बोट दाखवत तो रडला, तर त्याच्या रडण्यातून हिंसा निघू शकते. तेच शब्द त्याच्या स्वतःच्या तोंडी दिले, तर त्याला बोट दाखवायला कुणी उरत नाही. ग्रीक नाटकातल्या कोरसचं काम काहीसं हेच होतं. ती गावातली माणसं, राजाला भिणारी, सल्ला देणारी, वेळ आली की गप्प बसणारी. आपल्या नव्या इमर्सिव्ह नाटकांनी या कोरसकडे परत बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. नेपथ्यावर खर्च करण्याआधी त्यांनी एकच ठरवावं: आलेल्या माणसाला आपण काय करायला सांगणार आहोत?

यहूदा कोण होणार

भूमिका वाटताना येशूसाठी कुणी ना कुणी मिळतोच. भीती वाटते, उपास काटेकोर पाळावे लागतात, तरी घरच्यांना अभिमान असतो. शिपायांसाठी तर चढाओढ. अडतं ते चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतपाशी. मुलं हसत सांगतात, पण त्यात खरं बरंच आहे: ईस्टर उलटून गेला तरी लहान पोरं यहूदा झालेल्याच्या मागे चांदीच्या नाण्यांचा हिशेब मागत फिरतात. दुकानात उधारी मागितली की हमखास तीस नाण्यांची आठवण निघते. एका मुलाच्या आजीने त्याला हे काम करू दिलं नाही, घराला लागतं म्हणून. मग त्यांनी एक रीत पाडली आहे. ज्याने एकदा येशूचं काम केलं, त्याने पुढे केव्हातरी यहूदाही करायचा. त्यामुळे कुणा एकाच्या नावाला ते चिकटत नाही, आणि बघणाऱ्यांनाही त्याच चेहऱ्यात दोघे दिसतात. यंदाच्या यहूदाने तीन वर्षांपूर्वी क्रूस वाहिला होता. दोन्हींत कठीण काय, असं विचारल्यावर तो लगेच म्हणाला, यहूदा. क्रूस घेऊन पडलो तेव्हा लोकांचे हात पुढे आले होते. पिशवी घेऊन निघालो तेव्हा सगळे बाजूला सरकले.